सोलापूरचा नाताळ आणि घरातली गव्हाण

डिसेंबर उजाडला की आमच्या नातेवाइकांत एकच प्रश्न फिरायला लागतो. यंदा तो जरा जास्तच जोरात फिरतोय. पुण्या-मुंबईची, पार अमेरिकेतली भाचरं आता मोठी व्हायला लागली आहेत. त्यांना केक माहीत आहे, सांता माहीत आहे, घरात झाड कुठे लावायचं तेही माहीत आहे. पण नाताळ म्हणजे काय, हे त्यांना घरात सांगायचं कुणी आणि कसं? मावशी म्हणते, "आमच्या वेळी असं बसवून सांगावं लागत नव्हतं." चुलतबहीण म्हणते, "माझा नवरा हिंदू, सासूबाई आमच्याकडेच असतात. मी पोरांना उपदेश करत बसले तर बरं दिसेल का?" दोघींचंही खरं आहे. म्हणून म्हटलं, आपल्या या सोलापूरच्या मातीत हा सण घराघरांत शिरला तरी कसा, ते एकदा नीट लिहून काढावं. जमलं तर त्यातूनच काही उत्तर सापडेल.

सुरुवात शब्दापासून करू. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज. तो गोवा-वसईकडून मराठीत आला. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने 1616 साली 'ख्रिस्तपुराण' छापलं, तेही चक्क ओवीत. त्यामागचं कारण त्या ग्रंथातच सांगितलंय. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती आणि त्यांनी पाद्रींकडे वाचायला दुसरं पुराण मागितलं होतं. म्हणजे बघा, धर्म बदलला तरी एकत्र बसून पोथी ऐकायची भूक तशीच राहिली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

सोलापूरला मात्र ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांकडून आला नाही, अमेरिकनांकडून आला. अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले 1813 मध्ये. 1831 मध्ये ते अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) गेले आणि 1860 च्या दशकात सोलापूरला. आता गंमत ऐका. ही मंडळी आली न्यू इंग्लंडमधून, म्हणजे प्युरिटनांच्या वंशातली. त्यांच्या पूर्वजांना नाताळ मुळीच मान्य नव्हता. बायबलात त्याची तारीख नाही, आज्ञा नाही, मग कसला सण? मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून 1681 पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता! तिथे ही अधिकृत सुट्टी झाली ती थेट 1850 च्या दशकात. आज आपण ओळखतो तो गोल पोटाचा, दाढीवाला सांता थॉमस नास्ट या चित्रकाराने काढायला सुरुवात केली 1863 मध्ये. म्हणजे सोलापूरचं मिशन आणि हा सांता जवळजवळ समवयस्क.

तर मुद्दा असा, की आपल्या पणजोबांना ज्यांनी शुभवर्तमान सांगितलं, त्यांच्याकडेच घरात नाताळ करायची फार जुनी रीत नव्हती. पेटीत घालून आणावा असा तयार नाताळ त्यांच्याजवळ नव्हताच. मग आपल्याकडचा आला कुठून?

इथे सोलापूरच्या दुष्काळांची आठवण काढावी लागते. 1876-77 चा दुष्काळ, मग 1896-97 चा, आणि लगेच 1899-1900 चा. आपला जिल्हा तिन्हींत होरपळला. आईबाप गमावलेली कितीतरी मुलं मिशनच्या आश्रयाला आली आणि वसतिगृहांत वाढली. त्याच सुमारास मिस मेरी हार्डिंग यांनी सोलापुरात बालवाडी सुरू केली. गाणी, गोष्टी आणि हाताने काही करणं, यांतून लहान मुलांनी शिकावं ही फ्रोबेलची पद्धत. आपल्याकडे तेव्हा ती अगदी नवी होती.

या अनाथ मुलांचा मी पुष्कळदा विचार करते. ती मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, संसार थाटले. पण सणाच्या दिवशी आई काय करायची, हे सांगायला त्यांच्यामागे आई नव्हती. सासू नव्हती, आजी नव्हती. अशा माणसांनी आपापल्या खोलीत पहिला नाताळ केला असेल, तेव्हा जे आजूबाजूला दिसत होतं त्यातूनच तो उभा केला असणार. म्हणून तर आपल्या नाताळच्या ताटात करंज्या आहेत, शंकरपाळी आहे, चिवडा आहे. दारावरची चांदणी ही दिवाळीच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण. आणि गाण्यांचं काय? अहमदनगरला 1860 च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. टाळ-मृदंगाच्या साथीने येशूचं चरित्र गायलं जाऊ लागलं आणि लोक तासन् तास बसून ऐकू लागले. पुराण मागणारे गोव्यातले ते लोक आठवले ना? तीच भूक.

पुढे नारायण वामन टिळकांनी या गाण्याला खरा मराठी गळा दिला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. आपल्या 'उपासना संगीता'त त्यांची गीतं किती आहेत हे मी सांगायला नको, तुम्हाला पाठच आहेत.

पण मला आज टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंबद्दल जास्त लिहायचंय, कारण चुलतबहिणीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी आहे. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरात हलकल्लोळ झाला. नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना मुलासकट आपल्याकडे ठेवलं, आणि त्या काळात त्या राहिल्या आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला. विठोबाच्या गावात, नवरा ख्रिस्ती झाल्याचं दुःख उराशी घेऊन. त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 दरम्यान आली. त्यातली ही प्रकरणं वाचताना आजही गलबलून येतं, आणि पुढच्याच पानावर बाई खो खो हसवतात.

काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या. पण ख्रिस्ती व्हायला नाही, संसार करायला. त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं, स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी घाई केली नाही. एकाच संसारात दोन चुली आणि दोन श्रद्धा नांदत होत्या, आणि मधोमध लहानगा दत्तू. बाईंनी प्रश्न विचारले, वाद घातले, चेष्टा केली. आधी त्यांच्या मनातला जातिभेद गळून पडला. माणसामाणसांतली ही उतरंड देवाने केलेली नाही, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. मग 1900 मध्ये त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं.

घरातली श्रद्धा म्हणतात ती ही. चुलतबहिणीला मी हेच कळवलंय, की बाई गं, तुझ्या घरात दोन देव्हारे आहेत म्हणून संकोचू नकोस. आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातलं सगळ्यांत गाजलेलं घर असंच होतं. तिथे कुणी कुणाला दटावून शिकवलं नाही. सासूबाईंनाही जवळ बसव, त्यांनाही विचारू दे. येशूच्या जन्माची गोष्ट ऐकून त्यांना कृष्णजन्म आठवला, तर आठवू दे. त्या आठवणीने पोरांचं काही बिघडत नाही.

आणखी एका बाईचं ऋण सांगते. सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड गेलं की केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षं एकाच कामात घातली. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण भाषांतरात तिने पांडित्य बाजूला ठेवलं, कारण ते साध्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायकांना समजायला हवं होतं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी काम पुरं झालं. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेलं ते बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. चुलीपाशी बसलेल्या बाईला कळेल असं बायबल हवं, हे रमाबाईंना शंभर वर्षांपूर्वी पटलेलं होतं. आणि आपण आज पोरांना इंग्रजी कार्टून लावून मोकळे होतो.

आता मावशीच्या म्हणण्याकडे येते. "आमच्या वेळी सांगावं लागत नव्हतं." कारण तेव्हा रोज संध्याकाळी घरात प्रार्थना होती, करंज्या लाटताना भजन चालायचं, आणि 'गव्हाण' म्हणजे काय हे सोलापुरातल्या पोराला विचारावं लागत नव्हतं. आपला हा ज्वारीचा मुलुख. कडबा घातलेली गव्हाण, बैलाचा उष्ण श्वास, डिसेंबरातला रात्रीचा गारठा, हे सगळं ओळखीचं होतं. देवाचा मुलगा गुरांच्या खाण्याच्या जागी निजला, यातली नवलाई त्याला न सांगता कळायची. नवव्या मजल्यावरच्या पोराला ती कशी कळणार? त्याला आधी गव्हाणच दाखवावी लागेल.

म्हणून यंदा आमच्याकडे आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्यात. लूकच्या शुभवर्तमानात 24 अध्याय आहेत. 1 डिसेंबरपासून रोज रात्री जेवणानंतर एक वाचला, तर नाताळच्या आदल्या रात्री तो पुरा होतो. वाचायचा पोरांनी, अडखळत का होईना, पण मराठीत. मातीची गव्हाण पोरांनीच करायची आणि तिच्यात कडबा खराखुरा घालायचा. हुरड्याला शेतावर जाल तेव्हा मूठभर आणा, कोणी नाही म्हणणार नाही. आणि रोज एक प्रश्न, कसलाही. येशू खरंच 25 डिसेंबरला जन्मला का, असं भाचीने आताच विचारलंय. तिला खरं तेच सांगणार. बायबलात तारीख नाही, 25 डिसेंबर ठरल्याचा पुरावा चौथ्या शतकातल्या रोममधला. वाढदिवस आपण धरलेला आहे. ज्याचा धरला, त्याची ओळख करून घ्यायला हा महिना.

परवा संध्याकाळी रंगभवनकडून येत होते. एकीकडे फर्स्ट चर्चमध्ये गाण्यांची तयारी, आणि गावात सिद्धेश्वराच्या गड्ड्यासाठी नंदीध्वजांचा सराव. दोन्ही आपापल्या तालात. सोलापूरची पोरं दोन्ही ऐकत मोठी होतात, आणि त्यातलं आपलं गाणं कुठलं हे त्यांना घरातच कळतं.

तुमच्याकडे नाताळात घरी काय काय करतात, जुनं कुणी काही सांगत असे का, जरूर कळवा. मावशी, तुझी करंजीची पाककृतीही पाठव. आणि करंज्या करताना तू कुठलं भजन म्हणायचीस, तेही.