नाणेघाट, थळघाट आणि यवनांचा ठसा

मुरबाड आणि शहापूर हे तालुके कल्याणचे बंदर आणि घाटमाथा यांच्या मधली पट्टी आहेत. काळू आणि भातसा या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि कल्याणच्या बाजूला उल्हास नदीला मिळतात. त्यांच्या खोऱ्यांच्या आधाराने दोन जुन्या वाटा घाट चढतात: एक मुरबाडहून वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाने जुन्नरला, दुसरी शहापूर–कसाऱ्यावरून थळघाटाने नाशिकला. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याला उतरलेला परदेशी माल दख्खनमध्ये जायचा तो मुख्यतः अशाच घाटांनी. त्यामुळे रोमन जगाशी महाराष्ट्राचा जो संबंध आला, त्याचा मोठा भाग या दोन तालुक्यांच्या जमिनीवरून गेला, असे म्हणता येते.

नाणेघाट ही नुसती पायवाट नव्हती. खडक फोडून केलेली अरुंद खिंड, दगडांची फरसबंदी, वाटेवर खोदलेली पाण्याची टाकी आणि माथ्याजवळ एक प्रशस्त लेणे, एवढी सोय तिथे होती. माथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे सांगतात. तसे सांगणारा शिलालेख मात्र नाही. लेण्यातल्या लेखांत सातवाहन राजा पहिला सातकर्णी आणि त्याची राणी नागणिका यांची नावे येतात. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. दोन अश्वमेध आणि राजसूय यांसारखे यज्ञ केल्याचे आणि दक्षिणा म्हणून गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण ही नाणी दिल्याचे त्यात नोंदले आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता नावे आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. यज्ञ करणाऱ्या घराण्याने आपला लेख मंदिरात किंवा राजवाड्यात न कोरता व्यापाराच्या घाटात कोरावा, यातच या वाटेची किंमत कळते.

समुद्राच्या बाजूची माहिती ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासमार्गदर्शकातून मिळते. लेखकाचे नाव त्यात नाही, पण माणूस इजिप्तकडचा व्यापारी दिसतो. कल्याण हे पूर्वी अधिकृत व्यापारी बंदर होते, पुढे सत्ता बदलली आणि तिथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो लिहितो. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यातल्या ओढाताणीचा हा परिणाम होता. भडोचला इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी उतरत. पैठण आणि तेरकडून अकीक आणि कापड येई. हा माल गाड्यांनी दूर भडोचपर्यंत न्यावा लागे, म्हणून कल्याणचे बंदर आपल्या हातात राहणे सातवाहनांना किती गरजेचे होते हे वेगळे सांगायला नको.

ग्रीक, रोमन आणि पश्चिमेकडच्या इतर लोकांना इथे सरसकट ‘यवन’ म्हणत. त्यातले काही जण घाट चढून वर आले आणि त्यांनी दाने दिली. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने लेण्याचे दर्शनी द्वार करून दिले. कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकट इथल्या यवनांनी दिले आहेत. नाशिकच्या लेण्यांमध्ये उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचे लेणे आहे. त्याच्या बापाचे नाव धर्मदेव. म्हणजे नावेसुद्धा एका पिढीआधीच इथली झाली होती. या सगळ्यांचे लेख प्राकृतातच आहेत. कल्याणच्या सुलसदत्ताने जुन्नरला चैत्यगृह दिले आणि यवनांनी त्याच डोंगरांत टाकी खोदून घेतली. दोघांच्या दानाची रीत एकच होती.

रोमशी संबंध आलेल्या दुसऱ्या एका प्रदेशाशी हे ताडून पाहता येते. याच शतकांत युरोपात गॉल प्रांत, म्हणजे आजचा फ्रान्स आणि शेजारचा भाग, रोमच्या ताब्यात होता. इसवी सनापूर्वी ५८ ते ५० या काळात सीझरने तो जिंकला. पुढे तिथे मिश्र संस्कृती घडली. पॅरिसच्या नावाड्यांनी सम्राट तिबेरियसच्या काळात उभारलेल्या स्तंभावर रोमन ज्युपिटरबरोबर शिंगे असलेला स्थानिक देव केर्नुन्नोसही कोरला आहे. कोलिन्यीचे कांस्य पंचांग गॉलच्या भाषेत, पण रोमन अक्षरांत आहे. शेवटी मात्र गॉलची भाषा गेली आणि लॅटिनमधून फ्रेंच जन्मली. दख्खनमध्ये उलटे घडले. इथे रोमचे सैन्य नव्हते, फक्त व्यापार होता, आणि पाहुणाच यजमानाच्या रीतीत शिरला.

तरी कोलिन्यीच्या पंचांगाला जवळचा नमुना इथेही आहे, तो नाण्यांत. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा ग्रीक-रोमन नाण्यांच्या धर्तीवर आहे आणि भोवती ग्रीक अक्षरांत लिहिलेला प्राकृत मजकूर. मागच्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि तीच नाणी गोळा करून त्यांवर आपली मुद्रा पुन्हा ठोकली. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी निम्म्याहून जास्त अशी पुन्हा ठोकलेली आहेत. पुढच्या सातवाहन राजांनी स्वतःचे मुखवटे असलेली चांदीची नाणी पाडली. क्षत्रपांच्या नाण्यांवरची ग्रीक अक्षरे मात्र काळानुसार अर्थहीन रेघा होऊन गेली.

बाहेरून आलेल्या वस्तूंनी कारागिरांच्या हातालाही वळण लावले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. तेरला पांढऱ्या मातीच्या मूर्ती दोन साच्यांत घडवल्या जात. ही पद्धत पश्चिमेकडून आली असे मानतात. उलट्या दिशेने गेलेली वस्तू म्हणजे पॉम्पेईला १९३८ मध्ये मिळालेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिच्या धर्तीची एक मूर्ती तेरला, एक भोकरदनला मिळाली.

सगळ्यांत दूरचा प्रवास आकड्यांचा. नाणेघाटाच्या लेखात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेच्या संख्या अंकांत लिहिल्या आहेत. २, ४, ६, ७, ९ यांच्या त्या खुणा देवनागरी अंकांच्या पूर्वजांमध्ये मोडतात. शून्य आणि स्थानमूल्य त्यात नाही. शंभरासाठी आणि हजारासाठी वेगळी चिन्हे आहेत. या घराण्यातले अंक पुढे अरबांमार्फत युरोपात गेले. दहाव्या शतकात त्यांची ओळख करून देणाऱ्यांपैकी एक होता ओरियाकचा गेर्बेर, म्हणजे जुन्या गॉलच्याच दक्षिण भागातला माणूस. रोमन अंकांची जागा या अंकांनी घेतली.

रोमन व्यापार ओसरल्यावरही घाट चालू राहिले. कोकणातले मीठ आणि भात वर जाई, घाटावरचे धान्य आणि बैल खाली येत. मुरबाडमधल्या म्हशाच्या जत्रेतला बैलबाजार याच देवघेवीतला आहे. या दोन वाटांमध्ये खरा फरक पडला तो रेल्वेने. १८६५ मध्ये कसारा–इगतपुरी मार्ग सुरू झाला आणि थळघाटाला नवे आयुष्य मिळाले. मुरबाडला लोहमार्ग आला नाही. गाडीरस्ताही नाणेघाट सोडून माळशेजने वर गेला. त्यामुळे नाणेघाटाची मालवाहतूक संपली आणि तिथे आता पदभ्रमण करणारे, लेखांचे अभ्यासक आणि आसपासच्या वाड्यांतली माणसे तेवढी चढतात.