सिसिलिया पेन-गापोश्किन
सिसिलिया पेन-गापोश्किन (१० मे, १९०० – ७ डिसेंबर, १९७९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकन खगोलभौतिकशास्त्रज्ञ होत्या. तारे मुख्यत्वे हायड्रोजन व हेलियम यांचे बनलेले असतात, हे त्यांनी प्रथम दाखवले.

संशोधन
१९२५ साली रॅडक्लिफ महाविद्यालयास सादर केलेल्या पीएच.डी. प्रबंधात त्यांनी मेघनाद साहा यांचे आयनीभवनाचे समीकरण ताऱ्यांच्या वर्णपटांना लावले. वर्णपटांतील भेद प्रामुख्याने तापमानामुळे पडतात, घटकद्रव्यांमुळे नव्हे, असे त्यातून स्पष्ट झाले. हायड्रोजनचे प्रमाण मात्र धातूंच्या सुमारे दहा लाख पट आले. सूर्य व पृथ्वी यांची घटकद्रव्ये सारखीच असतात, असा तेव्हाचा समज होता. हेन्री नॉरिस रसेल यांनी हा निष्कर्ष अशक्य ठरवल्यामुळे, हे प्रमाण जवळजवळ निश्चितच खरे नाही, असे त्यांनी प्रबंधात नमूद केले. १९२९ मध्ये रसेल स्वतः वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाप्रत आले.

प्रभाव
ऑटो स्ट्रूव्ह यांनी हा प्रबंध खगोलशास्त्रातील सर्वांत तेजस्वी प्रबंध म्हणून गौरवला. पुढे पती सर्गेई गापोश्किन यांच्यासमवेत त्यांनी रूपविकारी ताऱ्यांची लक्षावधी निरीक्षणे केली. १९५६ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक व खगोलशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या.