चाळिशी, चष्मा आणि निवडायचं ताट



मराठीनं वाचायच्या चष्म्याला थेट वयाचंच नाव दिलं आहे. चाळिशी! 'तिला चाळिशी लागली' म्हटलं की वयही कळतं आणि चष्माही. आपल्या गुजराती मैत्रिणी 'बेताळां' म्हणतात, ते बेचाळीसवरून. म्हणजे त्यांना दोन वर्षांची सूट!

हा रोग नव्हे. डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं, जवळचं बघताना ते फुगीर होतं. वयाबरोबर ते ताठर होत जातं आणि मग हात लांब करून औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायची वेळ येते. हे सगळ्यांचंच होतं, आजचं नाही, कायमचंच आहे. मग चष्मा नव्हता तेव्हा लोक काय करत होते?

एक म्हणजे उजेड. भरपूर उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते आणि जवळचं थोडं स्पष्ट दिसतं, म्हणून निवडणं-टिपणं ओसरीवर, दिवसाउजेडी. सूर्यास्ताआधी जेवायचा आपला नियम जीवदयेसाठी आहे, पण थकलेल्या डोळ्यांचीही त्यात सोय झाली. दुसरं म्हणजे पाठांतर. भक्तामर तोंडपाठ असलेल्या आजीला पोथीची गरज काय? तिसरं, एकानं शास्त्र वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. लेखनिकांची मात्र सुटका नव्हती. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लिहिणाऱ्यानं पाठ, कंबर, मान मोडल्याची आणि नजर ताणल्याची तक्रार करून 'आता तरी ही पोथी जपा' अशी विनवणी केलेली असते.

चष्मा आला इटलीत, तेराव्या शतकाच्या शेवटी. 1306 साली फ्लॉरेन्समध्ये जोर्दानो नावाच्या एका धर्मोपदेशकानं प्रवचनातच सांगितलं की ही विद्या सापडून अजून वीस वर्षंही झाली नाहीत. शोध कुणी लावला ते नाव त्यानं सांगितलं नाही. 1352 मध्ये त्रेविझो गावी तोम्माझो दा मोदेना या चित्रकारानं भिंतीवर एक कार्डिनल रंगवला, नाकावर चष्मा आणि समोर लिखाण. आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी चष्म्याच्या इतिहासावर लेख लिहिला. त्यात विजयनगरच्या व्यासतीर्थांचा उल्लेख येतो. सोळाव्या शतकात ते पोथी वाचताना चष्मा लावत. मुघल दरबारातल्या मीर सय्यद अली यानं आपल्या म्हाताऱ्या वडिलांचं, तेही चित्रकारच, चित्र काढलं त्यातही चष्मा आहे.

कार्डिनल, आचार्य, चित्रकार. सगळे पुरुष, सगळ्यांसमोर पुस्तक नाहीतर कागद. मला हे खटकतं. जवळून बघायचं काम काय फक्त वाचणाऱ्यांनाच असतं?

आपल्याच समाजातलं उदाहरण घ्या. मूडबिद्रीला ताडपत्रांवर असलेल्या धवला, जयधवला ग्रंथांच्या प्रती करायचं काम 1896 मध्ये सुरू झालं. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांनी त्यासाठी खटपट केली होती. काम चाललं 1922 पर्यंत. सव्वीस वर्षं! तिशीत बसलेला माणूस उठेपर्यंत चाळिशी केव्हाच ओलांडून जातो. गजपती उपाध्याय हे त्यातले एक लेखनिक. ग्रंथ मंदिराबाहेर जाऊ द्यायचे नव्हते, पण त्यांनी गुपचूप एक कन्नड प्रत करून घेतली आणि त्या कामात मोठा हात होता त्यांच्या विदुषी पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा. पुढे तीच प्रत सहारनपूरला गेली, तिच्यावरून नागरी प्रत झाली, आणि 1939 साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापला. आज आपण स्वाध्यायाला हे ग्रंथ उघडतो त्यामागे एका बाईची नजर आहे. किती जणींना तिचं नाव माहीत असतं?

आणि ज्या बायांनी एक अक्षर लिहिलं नाही, त्यांचं काय? डाळीतला सोंडा, पालकाच्या पानामागची अळी, पिठातली जाळी बघायची. पाणी गाळून जिवाणी परत जिथल्या तिथे पोचवायची. आपली अहिंसा रोज याच हातभर अंतरात पाळली जाते. सासूबाईंच्या पिढीत चाळिशीनंतर 'आता तू निवड गं' म्हणून ताट सुनेपुढे सरकायचं. चष्मा मागायचा तर 'तुला कुठे वाचायचंय?' हे ऐकावं लागे.

याचं उत्तर अगदी अलीकडे मिळालं, तेही चहाच्या मळ्यात. आसाममध्ये चाळिशीपुढच्या 751 मजुरांवर, त्यात बहुतेक बाया, एक प्रयोग झाला आणि 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचा साधा चष्मा लगेच दिला, बाकीच्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांच्या पानतोडणीतली वाढ दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 22 टक्के जास्त भरली. पानं खुडायला अक्षरओळख लागत नाही, नजर लागते.

मी स्वयंपाकघरात वेगळा चष्मा ठेवते, पिठाच्या डब्याशेजारी. एक सांगते. पुस्तक आपण दीड-दोन वीत लांब धरतो, परात आणि ओटा त्याहून लांब असतात. म्हणून वाचायच्या नंबरानं डाळ धूसर दिसू शकते. डॉक्टरकडे जाल तेव्हा 'मला निवडायचं असतं' हे सांगा आणि परात किती अंतरावर असते ते हातानं दाखवा. नंबर थोडा कमी लागतो.