टँकरवरची दोन जादा अक्षरं

पेट्रोलच्या टँकरमागे इंग्रजीत ठळक लिहिलेलं असतं, ‘हायली इन्फ्लेमेबल’. ‘करेक्ट’च्या उलट ‘इनकरेक्ट’, ‘व्हिजिबल’च्या उलट ‘इनव्हिजिबल’ असं शाळेत घोकलेल्या माणसाला वाटतं, हा माल पेट घेत नाही! खरं तर ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ यांचा अर्थ एकच, चटकन पेटणारं. शब्दकोशापुरता एकाच्या जागी दुसरा खुशाल वापरावा. धोक्याच्या पाटीवर मात्र नाही.

या घोळाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा किंवा जोर देणारा. ‘इन्फ्लामारे’, म्हणजे पेटवणं, यातला ‘इन’ दुसरा. त्यातून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘इन्फ्लेमेबल’ इंग्रजीत आला. अंगाची आग होऊन सूज येते, त्याला डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तोही याच घराण्यातला. ‘फ्लेमेबल’ धाकटा. १८१३च्या सुमारास तो छापील इंग्रजीत दिसतो, पण पुढची शंभर वर्षं त्याला कुणी फारसं विचारलं नाही.

त्याला पुढे आणलं ते आगीशी रोजची गाठ असलेल्या माणसांनी. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ‘फ्लेमेबल’च वापरा असा आग्रह धरला. नेमका अर्थ कळला नाही तर माणूस भाजतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्याच काळात भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन ली व्होर्फ हार्टफर्डच्या एका विमा कंपनीत आगींची कारणं तपासत होते. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागत. ‘रिकामी’ म्हटलेल्या पिंपांजवळ मात्र सिगारेटचं थोटूक बेफिकीर फेकत. पण रिकाम्या पिंपात वाफ उरलेली असते, आणि तिचा भडका जास्त भयंकर. पेट्रोलची वाफ तर उणे चाळीस अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते. एका शब्दाने गाफील होणं किती महाग पडतं, ते यावरून कळावं.

१९५३ साली अमेरिकेने सहज पेटणाऱ्या कापडांविरुद्ध कायदा केला, त्याच्या नावात ‘फ्लेमेबल’ होता. १९५९ साली ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही त्याचीच बाजू घेतली. आपल्याकडे १९५२च्या केंद्रीय कायद्याचं नाव ‘इन्फ्लेमेबल सब्स्टन्सेस अ‍ॅक्ट’, म्हणजे जुनंच वळण. उलट अर्थ हवा असेल तर ‘नॉन-फ्लेमेबल’ हा एकच बिनधोक शब्द.

वाङ्मयात ‘इन्फ्लेमेबल’ नांदू दे, तिथे त्याने कुणाचा जीव जात नाही. पण टँकर, गोदामं आणि रंगाची दुकानं चालवणाऱ्यांनी पुढच्या रंगकामात ‘आय’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं पुसावीत, आणि शेजारी मराठीत ‘ज्वालाग्राही’ असं ठसठशीत लिहावं.