दोन पट

चित्रपटाआधी आम्हां भंडारावाल्यांना ठाऊक होता तो शंकरपट! दिवसा बैलजोड्या सुसाट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. अशा डोळ्यांना उसासे टाकणारे नायक काय रुचणार? म्हणून माझी भक्ती नादियावर. १९०८ साली ऑस्ट्रेलियात, पर्थला जन्मलेली ही बाई १९३५च्या ‘हंटरवाली’त चाबूक घेऊन अवतरली आणि १९३६च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये आगगाडीच्या टपावर लढली. शहाण्यांनी ‘स्टंटपट’ म्हणून नाकं मुरडली. मुरडोत बापडे! बाईने मोठ्याने हसलेलंही खपत नसे, त्या काळात ती पडद्यावर पुरुषांना धोपटत होती, आणि उड्या स्वतः मारत होती. पटातल्या धुरकऱ्याच्या जागी कधी बदली माणूस बसतो का हो? आमची शिट्टी फुकट वाजत नाही. समोरच्याने आधी स्वतःची मान पणाला लावावी लागते.