वसईच्या खाडीवरून पुण्याच्या विद्यालयात : प्रिन्सिपॉल थिओडोर कुक (१८३६–१९१०)

या स्मरणिकेत आमच्या देवळाच्या उभारणीची हकीकत, होऊन गेलेल्या धर्मगुरूंच्या स्मृती, आणि ज्यांनी आपल्या पदरचे देऊन या कार्यास हातभार लावला त्यांची नावे वाचकांस इतरत्र वाचावयास मिळतीलच. आम्ही येथे एका परक्या गृहस्थाचे चरित्र लिहावयास घेतले आहे. ते या धर्मग्रामाचे नव्हते, या देशाचेही नव्हते. परंतु आमच्या वाडवडिलांची भाजी, केळी व विड्याची पाने ज्या वाटेने मुंबईच्या बाजारी जाऊ लागली, त्या वाटेवरच्या पुलाशी त्यांच्या तरुणपणाचा संबंध आहे. आणि पुढे अठ्ठावीस वर्षे ते पुण्यास इंजिनिअरिंगच्या विद्यालयाचे मुख्य होते. वसईत त्यांचे नाव कोणाच्या तोंडी नाही. एवढ्याचसाठी हा लेख.

थिओडोर कुक यांचा जन्म ६ जानेवारी १८३६ रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वॉटरफर्ड परगण्यातील ट्रॅमोर या समुद्रकाठच्या गावी झाला. ते नऊ वर्षांचे असताना त्या देशात बटाट्याच्या पिकावर रोग पडून तो घोर दुष्काळ सुरू झाला, ज्यात लक्षावधी माणसे मेली व लक्षावधी देशोधडीस लागली. ते सतरा वर्षांचे असताना, सन १८५३ मध्ये, त्यांच्या गावापर्यंत वॉटरफर्डहून आगगाडी आली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सन १८४१ पासून इंजिनिअरिंगची शाळा चालत होती. तेथे शास्त्र व इंजिनिअरिंग यांत प्रावीण्य मिळवून ते सन १८५९ मध्ये पदवीधर झाले, आणि पुढच्याच वर्षी बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले.

त्या वेळी वसईकराने मुंबईस जावयाचे म्हणजे होडी, भरती-ओहोटी व वारा यांच्या मर्जीवर जावयाचे. केळे दोन दिवस थांबेल, पण विड्याचे पान थांबत नाही. रेल्वे गुजराथेकडून दक्षिणेस येत होती आणि तिच्या वाटेत वसई व साष्टी यांच्यामधील खाडी आडवी पडली होती. पाणजू बेटामुळे येथे खाडीचे दोन फाटे होतात, म्हणून पूलही दोन बांधावे लागले. तळाशी दगड लागेल तर पाया घालावा. येथे तर गाळच गाळ. तेव्हा ओतीव लोखंडाचे पोकळ खांब घ्यावयाचे, त्यांच्या बुडाशी मोठ्या स्क्रूसारखे रुंद पाते असावयाचे, आणि वर लांब दांडे जोडून माणसांनी व बैलांनी ते फिरवीत फिरवीत खांब गाळात खोल उतरवावयाचा, अशी युक्ती योजिली गेली. या युक्तीचा शोधक अलेक्झांडर मिचेल हाही आयरिशच, आणि तरुणपणीच दृष्टी गेलेला. ज्याला स्वतःस दिसत नव्हते त्याच्या कल्पनेवर आमच्या खाडीतले खांब उभे राहिले, हे आम्हांस मोठे विलक्षण वाटते. खांबांवर साठसाठ फुटांच्या लोखंडी कैच्या टाकून पूल पुरा झाला. रेल्वेची ही सारी रचना कर्नल केनेडी यांची. कुकसाहेब प्रत्यक्ष काम उठविणाऱ्यांपैकी होते, आणि देशातील पहिल्या मोठ्या लोखंडी पुलांपैकी एक बांधल्याचा मान त्यांच्या चरित्रात त्यांना दिला जातो. दांडे फिरविणाऱ्या मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

२८ नोव्हेंबर १८६४ रोजी गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. १२ एप्रिल १८६७ पासून विरार व मुंबई यांच्या दरम्यान रोजची गाडी सुरू झाली. पुढे त्या खाडीवर नवे पूल झाले व त्यांवरून आज आमची मुलेबाळे दररोज ये-जा करितात.

पूल होताच कुकसाहेबांनी रेल्वे सोडली. सन १८६५ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांची पुण्यास सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल म्हणून नेमणूक झाली. ही संस्था सन १८५४ मध्ये सरकारी बांधकाम खात्यास हाताखालचे लोक मिळावेत एवढ्याच हेतूने एक वर्ग म्हणून निघाली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या ५ तारखेस गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी मुळा-मुठेच्या संगमाजवळ नव्या इमारतीचा कोनशिला-समारंभ केला. १८६६ मध्ये संस्था मुंबई विद्यापीठास जोडली गेली. १८६८ मध्ये इमारत पुरी झाली. म्हणजे नवे प्रिन्सिपॉल, नवी पदवी आणि नवे घर ही तिन्ही एकदमच आली. वर्गाचे विद्यालय होणे म्हणजे नुसती पाटी बदलणे नव्हे. ओव्हरसीयरास दिलेला नकाशा वाचता आला की पुरे. इंजिनिअरास तो नकाशा स्वतः काढता आला पाहिजे, आणि तुळई किती भार सोशील हे गणिताने आधी सांगता आले पाहिजे. हे दुसरे शिक्षण मराठी मुलांस पुण्यात मिळू लागले ते या वर्षांत.

तथापि येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सन १८७१ मध्ये सरकारने विलायतेत कूपर्स हिल येथे निराळे कॉलेज काढले, आणि हिंदुस्थानातील बांधकाम खात्याच्या वरच्या जागा मुख्यतः तेथल्या लोकांस मिळू लागल्या. पुण्याच्या विद्यार्थ्याने कितीही अंगमेहनत केली तरी त्याच्यासाठी राखलेली जागा एखाददुसरीच. ही व्यवस्था कुकसाहेबांच्या हातची नव्हती, पण ज्या विद्यालयाचे ते मुख्य होते त्याच्या दारावरच ती उभी होती. त्या अरुंद दारातून सन १८८३ मध्ये एल. सी. ई. परीक्षेत पहिला येऊन जो विद्यार्थी बाहेर पडला, तो मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन हा मुलगा पुण्यास आला होता. पुढच्या वर्षी तो मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाला. सन १९०३ मध्ये त्याने खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. १९१२ मध्ये म्हैसूरचा दिवाण झाला आणि १९५५ मध्ये भारतरत्न. एका विद्यार्थ्यावरून गुरूची परीक्षा करू नये हे खरे. पण कूपर्स हिलचे कॉलेज सन १९०६ मध्ये बंद पडले, आणि पुण्याचे विद्यालय सन २०२२ मध्ये स्वतः विद्यापीठ झाले, एवढे आम्ही नमूद करितो.

सन १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेवर भयंकर दुष्काळ पडला. त्याच्या लागलीच मागून, १८७९ मध्ये, या विद्यालयात शेतकीचे वर्ग उघडले, आणि १८८० च्या सुमारास संस्थेचे नाव बदलून कॉलेज ऑफ सायन्स असे झाले. लहानपणी एक दुष्काळ पाहिलेल्या माणसाच्या कारकीर्दीत हे व्हावे, यात आम्हांस काही अर्थ दिसतो. कागदोपत्री पुरावा आम्ही देत नाही. शेतकी शिकवावयाची तर वनस्पतिशास्त्र हवे. आणि येथून या पुलाच्या कारागिराचे आयुष्य एका नव्याच दिशेस वळले.

मुंबई इलाख्यात कोणती झाडे, झुडपे, वेली व गवते उगवतात याची समग्र नोंद तोवर नव्हती. डाल्झेल व गिब्सन यांचा ग्रंथ सन १८६१ चा, आणि तो अपुरा पडत होता. कुकसाहेब व त्यांचे सहकारी डोंगर-दऱ्या धुंडू लागले. वनस्पती गोळा करणे हे ऐकावयास सोपे. फुलासह व शक्यतो फळासह फांदी तोडावी, टिपकागदांत घालून फळ्यांखाली दाबावी, ओल शोषलेले कागद पुन्हापुन्हा बदलावे, वाळल्यावर जाड कागदावर टाकून बसवावी, आणि खाली ठिकाण, तारीख व आणणाऱ्याचे नाव लिहावे. आता हेच काम आषाढात महाबळेश्वरी किंवा खंडाळ्याच्या घाटात करावे, जेथे कोरडा कागद आठ दिवस दृष्टीस पडत नाही! सह्याद्रीतील पुष्कळ फुले तर पावसाळ्यातच फुलतात. सन १८९१ मध्ये सरकारने पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पति-पाहणीची सूत्रे कुकसाहेबांकडे दिली. सी. आय. ई. हा किताबही त्यांना मिळाला.

सन १८९३ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडात क्यू येथील विख्यात वनस्पति-उद्यानाजवळ राहिले. विश्रांती घ्यावयाची सोडून त्यांनी तेथे ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. त्याचे भाग १९०१ पासून १९०८ पर्यंत निघाले व दोन खंड पुरे झाले. सिंधपासून कानड्यापर्यंतचा सारा मुलूख त्यात आला आहे. प्रत्येक वनस्पतीचे पान, फूल, फळ व बी यांचे वर्णन, ती कोठे सापडली याची नोंद, आणि ठाऊक असेल तेथे तिचे देशी नाव. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांनी आपल्या नावाखाली पुण्याच्या विद्यालयाचे माजी प्रिन्सिपॉल असे लिहिले आहे.

या ग्रंथातील एक बारीक खूण वाचकांस सांगण्याजोगी आहे. जेथे वनस्पती सापडल्याचे स्थळ दिले आहे, तेथे पुष्कळदा ती आणणाऱ्याचे नाव आहे आणि नावापुढे उद्गारचिन्ह आहे. शास्त्रज्ञांच्या संकेतात त्या चिन्हाचा अर्थ असा की, हा नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. त्या नावांत वुड्रो हे गोरे प्राध्यापक आहेत, तसेच कानिटकर आहेत, रानडे आहेत, भिडे आहेत, गराडे आहेत. आणि एक नाव नुसते ‘भिवा’ आहे. आडनाव नाही, पदवी नाही, हुद्दा नाही. पण पानोपानी, साहेब लोकांच्या नावांच्याच ओळीत, त्याच टाइपात, त्याच उद्गारचिन्हासह. वसईच्या पुलावर ज्यांची नावे राहिली नाहीत त्यांचा विचार करिता, आम्हांस या चार-पाच अक्षरांचे मोल फार वाटते. लंडनमध्ये छापलेल्या त्या ग्रंथात भिवाने कोणत्या डोंगरावरून काय आणले ते आजही वाचता येते.

५ नोव्हेंबर १९१० रोजी कुकसाहेब क्यू येथे निवर्तले.

त्यांचे काम पुढे ज्यांनी उचलले त्यांत आमच्या ख्रिस्तसभेचे दोन धर्मगुरू अग्रभागी होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर हे स्विस गृहस्थ. त्यांनी कुकच्या ग्रंथाची ठायीठायी दुरुस्ती करणारे लेख सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले, आणि त्या कॉलेजातील वनस्पतिसंग्रहास आज त्यांचेच नाव आहे. सन १९३४ मध्ये ते वारले. त्यांच्यानंतर त्याच कॉलेजात आले स्पॅनिश येशूसंघीय फादर हर्मेनगिल्ड सांतापाव. खंडाळ्याचा घाट त्यांनी वर्षानुवर्षे पायी तुडविला, व १९५३ मध्ये तेथील वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्याच वर्षी स्वतंत्र भारताच्या सरकारने या धर्मगुरूंस भारतीय वनस्पति-सर्वेक्षणाचे प्रमुख वनस्पतिशास्त्रज्ञ नेमिले. कुकचा ग्रंथ तोवर दुर्मिळ झाला होता. सन १९५८ मध्ये सर्वेक्षणातर्फे तो तीन खंडांत पुन्हा छापून निघाला, भिवाच्या नावासह. आणि कुकसाहेबांच्या काळचे पुण्यातील वाळवलेले नमुने सर्वेक्षणाच्या पुणे येथील संग्रहात जपून ठेविलेले आहेत.