नागर आणि नांगर

गेल्या दिवाळीत भिलाईला बहिणीकडे गेलो होतो. भाची कॉलेजात इतिहास शिकते. या सत्रात तिला 'विश्व की सभ्यताएँ' असा पेपर आहे. करंज्या लाटता लाटता आजीने विचारलं, "काय शिकवतात गं त्यात?"

"सभ्यता, आजी."

"बरं झालं बाई. या घरात कुणीतरी शिकायलाच हवी होती."

भाचीला विनोद कळायला जरा वेळ लागला. तिची मराठी स्वयंपाकघरातली, अभ्यास सगळा हिंदीत. आजीच्या लेखी सभ्यता म्हणजे पाहुण्यांसमोर नीट बसणं. हिंदीत मात्र त्या शब्दात इजिप्त, मेसोपोटेमिया, मोहेंजोदडो असं सगळं मावतं.

मुळात 'सभ्य' म्हणजे सभेत शोभणारा. हा शब्द साधायला पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिलं आहे. हिंदीने त्याला सभेतून उठवून थेट नाईलच्या काठी नेलं. मराठीने दिवाणखान्यातच बसवून ठेवलं. मग आपण काय वापरायचो? एकोणिसाव्या शतकात 'सुधारणा'. युरोपातले देश 'सुधारलेले', बाकीचे सुधारायचे! आगरकरांनी 1888 साली पत्राला 'सुधारक' नाव दिलं, तेव्हा या शब्दाला अशी दुहेरी धार होती. पुढे तो समाजसुधारणेकडे गेला, हल्ली तर रस्त्यांच्या आणि गुणपत्रिकेच्या वाट्याला आला आहे. त्याची जागा घेतली 'संस्कृती'ने.

हा शब्द यजुर्वेदात आहे, पण आजच्या अर्थाने तो चालवण्यात मराठीचा हात मोठा. बंगालीत त्या काळी 'कृष्टि' म्हणत. कृष् म्हणजे नांगरणे. 'कल्चर'च्या लॅटिन मुळाशीही शेतीच आहे, म्हणून ही जुळणी. रवींद्रनाथांना तो शब्द मुळीच रुचत नसे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी पॅरिसला शिकत असताना त्यांना एका मराठी मित्राकडून कळलं, की आमच्याकडे याला 'संस्कृती' म्हणतात. त्यांनी तो रवींद्रनाथांना सांगितला, त्यांनी पसंत केला. मराठीतून परप्रांती गेलेल्या शब्दांत याच्याइतका मान क्वचितच कुणाला मिळाला असेल.

घरी मात्र आपण त्याच्यावर फार ओझं टाकलं. हिंदीत 'हड़प्पा सभ्यता' आणि 'जोरवे संस्कृति' असे दोन कप्पे आहेत: एक शहरांचा, दुसरा मडक्यांवरून आणि घरांच्या अवशेषांवरून ओळखल्या जाणाऱ्या गावांचा. मराठीत हडप्पाही संस्कृती, संगमनेरजवळचं जोर्वेही संस्कृतीच. भाचीला हे गबाळेपणाचं वाटलं. मला नाही वाटत. शहर आलं की दर्जा वाढला, हा हिशेब 'सभ्यता' या शब्दातच दडलेला आहे.

तो हिशेब लॅटिनमधून आला. 'सिविस' म्हणजे नागरिक. त्यावरून अठराव्या शतकात फ्रेंचांनी 'सिव्हिलायझेशन' घडवला. 1772 साली बॉसवेलने तो इंग्रजी कोशात घ्यावा म्हणून सुचवलं, तर कोशकार डॉ. जॉन्सनने चक्क नकार दिला. त्याला जुना 'सिव्हिलिटी'च पुरेसा वाटत होता. म्हणजे आमच्या आजीचाच पक्ष. अरबीतही हीच विभागणी सापडते: 'तमद्दुन' हा 'मदीना'चा, म्हणजे शहराचा भाऊबंद, आणि 'तहज़ीब'च्या मुळाशी झाडाची छाटणी. कन्नडने 'नागरिकते' म्हणत नगराची बाजू घेतली.

भिलाईत हा 'सिविस' रोज भेटतो. खरेदीला निघालं की सिविक सेंटर, क्वार्टरची भिंत ओली झाली की सिविलवाले. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी पेटली आणि धानाच्या शेतांजागी सेक्टर उभे राहिले. तरी रिसाली, मरोदा, रुआबांधा ही गावांची नावं टाऊनशिपला पुसता आली नाहीत.

भाचीला मी मराठीतून टिपणं काढायला सांगितली होती. तिने लिहिलं, 'नांगर संस्कृती'. लिहायचं होतं 'नागर'. एका अनुस्वाराने शहराचं शेत झालं! हे दोन शब्द नात्यातले नाहीत. नांगर आला 'लांगल'वरून. (जहाजाचा नांगर तिसराच, तो फारसी 'लंगर'.) मी खोडायला पेन घेतलं, तेवढ्यात तिने पुस्तक पुढे केलं. राजस्थानातलं कालीबंगन. तिथे तटाबाहेर हडप्पापूर्व काळातलं नांगरलेलं शेत सापडलं, तास काटकोनात एकमेकांना छेदणारे. एका दिशेचे जवळ जवळ, दुसऱ्या दिशेचे लांब लांब. उत्खनन चाललं होतं तेव्हाही आसपासचे शेतकरी तशीच नांगरट करून दोन पिकं एकत्र घेत होते.

"मामा, हे शेत सभ्यतेत धरायचं की संस्कृतीत?"

"परीक्षेत सभ्यता लिही," मी म्हटलं, "मराठीत लिहिणार असशील तर प्रश्नच नाही." अनुस्वार तसाच राहू दिला.